पोलीस भरतीच्या मैदानासाठी आणि ग्रामसुरक्षा दलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

खोऱ्यातले ग्रामस्थ, साताऱ्याला राहायला गेलेले आणि विशेषतः मुंबईकर मंडळी, या सगळ्यांना ही विनंती आहे. आधीच सांगतो, ही यात्रेची वर्गणी नाही आणि कळसाचीही नाही. त्या दोन्हींना आपल्याकडे कधी कमी पडलेलं आठवत नाही, म्हणून जरा धीर करून लिहितो आहे.

मेढ्याकडून केडंबे फार लांब नाही. तिथले तुकाराम ओंबळे लष्कराच्या सिग्नल कोअरमधून निवृत्त झाले आणि 1991 साली मुंबई पोलिसांत लागले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ते गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. स्कोडा गाडी अडवली गेली, एक अतिरेकी मारला गेला, दुसऱ्याच्या हातात एके-47 होती. ओंबळेंच्या हातात काठी. त्यांनी बंदुकीची नळीच धरली आणि अंगात गोळ्या शिरत असताना सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला. 2009 साली ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

दर नोव्हेंबरात आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पोरं भाषणं करतात. मी स्वतः पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. त्या कार्यक्रमात दरवर्षी एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळते. त्यांच्या हातात काठीच का होती?

ही मुंबईची गोष्ट आहे, देशातल्या सगळ्यात श्रीमंत शहराची. दहा जणांनी तिथे 166 माणसं मारली. सीएसटीवर काही पोलिसांकडे थ्री नॉट थ्री होत्या आणि बऱ्याच जणांकडे नुसत्या काठ्या. थ्री नॉट थ्री मी चालवली आहे. बंदूक वाईट नाही, नेम सरळ लागतो. पण ती पहिल्या महायुद्धातली. एक गोळी झाडली की बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मग दुसरी. समोरचा तेवढ्या वेळात अख्खं मॅगझिन रिकामं करतो. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, म्हणजे मुंबईच्या हल्ल्याला अकरा वर्षं होऊन गेल्यावर.

सरकारनं नेमलेल्या राम प्रधान समितीनं नंतर शस्त्रं, दारूगोळा आणि गोळीबाराचा सराव यांतल्या उणिवांवर बोट ठेवलं. सरावाचं मला कुणी वेगळं सांगायला नको. राज्याच्या दुसऱ्या टोकाला एका जिल्ह्यात असताना वर्षभरात आमच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गोळ्या यायच्या, आणि झाडलेली पुंगळी सापडली नाही तर दुपारभर गवतात शोधत बसायचं. बंदूक खांद्याला होती, पण हाताला तिची सवय नव्हती.

जिथे सरकारच गरीब आहे तिथे काय होत असेल, याचा विचार करा. केनियात गरिसा नावाचं गाव आहे, सोमालियाच्या हद्दीकडचं. 2 एप्रिल 2015 ला तिथल्या विद्यापीठात पहाटे चार बंदूकधारी घुसले. दारावरचे मोजके पोलीस त्यांना पुरे पडले नाहीत. खास पथक होतं, पण ते राजधानीत, नैरोबीला. ते येऊन आत शिरेपर्यंत संध्याकाळ झाली. एकूण 148 जीव गेले, त्यांतली बहुतेक कॉलेजची पोरं. आपल्याकडेही दिल्लीजवळच्या मानेसरचे एनएसजी कमांडो मुंबईत पोचले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. अंतर असतंच, पण विमान कुठे उभं आहे, गाडीत डिझेल आहे का, आणि पथक पोचेपर्यंत दारावर कोण उभं आहे, या गोष्टी पैशानं ठरतात.

दुसरं उदाहरण मोझांबिकचं. देशाच्या उत्तरेला काबो देलगादो हा प्रांत आहे. जमिनीत माणकं, समुद्राखाली गॅस, आणि माणसं मात्र देशातल्या सगळ्यात गरिबांपैकी. ऑक्टोबर 2017 मध्ये तिथल्या मोसिंबोआ दा प्राइया या बंदराच्या गावात साधारण तीस जणांनी हल्ला केला. कशावर, तर पोलीस ठाण्यांवर. त्यांत आसपासचीच पोरं होती. कमजोर ठाणं आधी पाडायचं म्हणजे पुढचा रस्ता मोकळा, एवढं त्यांना कळत होतं. पुढे तो वणवा प्रांतभर पसरला आणि लाखो लोक घरदार सोडून निघाले.

आता इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आमच्या बैठकीतही यावरून वाद झाला. गरीब माणूस दहशतवादी होतो असं सरसकट म्हणणं चूक आहे. कसाबचा बाप फरीदकोटात खाण्याची गाडी लावायचा हे खरं. पण ओसामा बिन लादेन गडगंज घरातला होता आणि अमेरिकेत विमानं घुसवणाऱ्यांत शिकलेली माणसं होती. ॲलन क्रुगर नावाच्या अर्थतज्ज्ञानं एका सहकारी संशोधिकेबरोबर 2003 साली हे मांडलं होतं. लेबनॉनमध्ये मारले गेलेले हिजबुल्लाचे लढवय्ये तिथल्या सर्वसाधारण लोकांपेक्षा उलट कमी गरीब आणि जास्त शिकलेले निघाले. तेव्हा गरिबाकडे बोट दाखवू नका. आपण सगळे त्याच घरांतून आलो आहोत. हमाली करून, माथाडीची ओझी वाहून आपल्या बापजाद्यांनी मुंबईत दिवस काढले, त्यांतल्या कुणी बाँब बनवले नाहीत.

गरिबीचा घाव दुसरीकडे बसतो. ज्या देशाच्या तिजोरीत खडखडाट, त्याचं ठाणं पडकं, गाडी बंद, वायरलेस मुका, शिपाई अर्धपोटी आणि कधीकधी विकाऊ. बाहेरून आलेला माणूस श्रीमंत असो वा गरीब, त्याला शिरायला असंच भगदाड लागतं.

आपल्याच राज्यात बघा. 1 मे 2019, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि शीघ्र कृती दलाचे 15 जवान गेले. ते ज्या गाडीत होते ती खाजगी होती. सुरुंग सोसेल अशी नव्हती. तिचा चालकही गेला.

सगळंच तसंच राहिलं असं म्हणणार नाही. मुंबईनंतर फोर्स वन हे राज्याचं कमांडो पथक उभं राहिलं, एनएसजीचा तळ मुंबईत आला, एनआयए ही राष्ट्रीय तपास संस्था झाली. मोठ्या शहरांना आज चांगलं कवच आहे. पण कुठेही काही घडलं की आधी तिथे शिपाईच पोचतो, आणि देशात लाख माणसांमागे प्रत्यक्ष हजर पोलीस दीडशेच्या आसपास आहेत, मंजूर जागांपेक्षा बरेच कमी. पोलिसांना बुलेटप्रूफ जॅकेट किंवा बंदुका देणं आपलं काम नाही. ते सरकारनं करायचं, आपण कर भरतो तो त्यासाठीच. खाजगी पैशातून पोलिसांना वस्तू देण्याची वाट मला बरी वाटत नाही; उद्या देणाऱ्याचं काम आधी होतं. म्हणून या आवाहनातला एक रुपयाही ठाण्याला जाणार नाही.

मग पैसे कशाला?

नाक्यावर उभा राहणारा शिपाई आपल्या घरातून जातो. आमच्या मैदानावर सध्या 38 मुलं-मुली भरतीचा सराव करतात, त्यांत 15 मुली. पहाटे पाचला येतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, मग 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे 50 गुण, लेखीचे 100. आमच्याकडे गोळा एकच आहे, मुलांचा, 7.260 किलोचा. मुलींना 4 किलोचा लागतो, तो नसल्यामुळे त्या दगड फेकतात. दगडावर घोटलेला हात प्रत्यक्ष मैदानात गोळा धरताना चुकतो. हे मी स्वतः दोन मुलींच्या बाबतीत पाहिलं, आणि दोघींचीही संधी थोड्या गुणांनी गेली.

बुटांची गोष्ट त्याहून वाईट. निम्मी पोरं कॅनव्हासच्या शाळेच्या बुटांत पळतात, काही अनवाणी. मुरमाड रस्त्यावर नडगी दुखायला लागते, मग पंधरा दिवस विश्रांती, आणि तेवढ्यात तारीख येते. मागच्या भरतीला आमची चार पोरं एका मोठ्या शहरात गेली आणि रात्री उड्डाणपुलाखाली झोपली. लॉजला पैसे नव्हते आणि आम्हालाही कुणी कळवलं नाही. डास, गाड्यांचे आवाज, उपाशी पोट, आणि सकाळी सोळाशे मीटर. त्यांतला एक लागला. आज तो अशाच एका चौकात रात्रपाळी करतो. उरलेले तिघे परत आले आहेत आणि पुन्हा पळताहेत.

दुसरा खर्च ग्रामसुरक्षा दलांचा. सहा गावांत प्रत्येकी दहा जण आम्ही पोलीस पाटलांच्या सल्ल्यानं तयार केले आहेत. जावळीत उद्या अतिरेकी उतरतील असं कुणाला सुचवायचं नाही, घाबरवून वर्गणी काढायची आमची रीत नाही. रोजच्या गरजा साध्या आहेत. रात्री ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं चोरणारे, पावसात रस्ता सोडून दरीत गेलेली मोटारसायकल, साप चावलेलं माणूस. जुलै 2021 मध्ये पाटणच्या आंबेघरला दरड कोसळली तेव्हा रस्ते तुटले होते आणि बाहेरचं पथक पोचायला वेळ लागला. तोवर चिखलात हात घालणारी माणसं गावचीच होती. गरिसात काय, आंबेघरात काय, लांबून येणारा येईपर्यंतचे तास गावालाच काढावे लागतात.

या साठ जणांना प्रत्येकी चांगली बॅटरी, शिट्टी, रेनकोट आणि रात्री चमकणारं जॅकेट द्यायचं आहे, आणि प्रत्येक गावाला एक घडीचं स्ट्रेचर. आत्ता आपण चादरीची झोळी करतो. सोबत दोन दिवसांचं प्रशिक्षण: रक्त कसं थांबवायचं, बेवारस पिशवी दिसली तर तिला हात न लावता लोकांना लांब कसं न्यायचं, 112 ला फोन करून ठिकाण नेमकं कसं सांगायचं. शेवटचं फार महत्त्वाचं. ‘वडाच्या झाडापाशी या’ हे मेढ्यात कळतं, कंट्रोल रूममधल्या पोरीला कळत नाही.

एक स्पष्ट करतो, कारण ग्रामसभेत हा प्रश्न आला. दलाला कुणाला पकडून मारायचा, झडती घ्यायचा किंवा परगावच्या माणसाची जात-धर्म विचारायचा अधिकार नाही. सातारा म्हटलं की लोकांना पत्री सरकार आठवतं. ते 1943 चं होतं आणि इंग्रजांविरुद्ध होतं. आता कुणाच्या पायाला पत्रा ठोकायचा नाही. शिट्टी वाजवायची, फोन करायचा, जखमीला उचलायचं. ज्याला हे जमणार नाही त्याचं जॅकेट परत घेऊ.

सगळा खर्च 2 लाख 4 हजार 400 रुपये आहे. गावातून 61 हजार जमले आहेत, त्यांत शेतमजूर बायकांनी पन्नास-पन्नास रुपये दिले आहेत. एका मुलाचे बूट साधारण 1300 रुपयांना पडतात, दलातल्या एका माणसाचं साहित्य 1100 रुपयांना. परगावी मैदानी चाचणीला जाणाऱ्या प्रत्येकासाठी प्रवास आणि एका रात्रीच्या मुक्कामाचे 1500 रुपये बाजूला ठेवायचे आहेत, म्हणजे पुन्हा कुणी पुलाखाली झोपणार नाही. ज्यांना रोख देणं शक्य नाही त्यांनी वेळ दिला तरी चालेल. मुंबई-पुण्यात भरतीच्या मैदानाजवळ ज्यांची खोली आहे त्यांनी एका पोराला एका रात्रीपुरती सतरंजी टाकून दिली, तर 1500 रुपये वाचतात आणि सकाळचा चहाही मिळतो. निवृत्त पोलीस आणि माजी सैनिकांनी आठवड्यातून एक पहाट मैदानावर यावं.

नाव जाहीर होऊ नये असं वाटत असेल तर पावतीवर ‘ग्रामस्थ’ लिहू. पावतीशिवाय पैसे कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्याही. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या फळ्यावर लागेल, बिलांसकट. साहित्याचं वाटप 26 नोव्हेंबरला सकाळी मैदानावरच करायचं आहे, मंडप आणि हारतुऱ्यांवर खर्च न करता.

पावतीपुस्तक वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ असतं. मुंबईकरांनी आपापल्या गावच्या मंडळाच्या खजिनदाराकडे दिलं तरी पोचेल. वापरलेले बूट देणार असाल तर तळ शाबूत असलेलेच आणा, आणि नंबर आत पेनानं लिहा; मागच्या वेळी एकाच मापाचे अकरा जोड आले होते.

आपला नम्र,
सचिव, ग्रामसुरक्षा व भरती मार्गदर्शन समिती
ता. जावळी, जि. सातारा