वारली चित्रे भिंतीवर, चित्रकार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात रस्त्याकडेच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर हल्ली वारली चित्रे सर्रास दिसतात. आमच्या सोसायटीची भिंत रंगवून झाली, तेव्हा हे कोणी काढले अशी चौकशी मी केली. कंत्राटदाराच्या माणसाने मोबाइलवरचा नमुना पाहून ते काम उरकले होते. येऊरच्या पाड्यांवर आजही वारली कुटुंबे राहतात आणि आमच्या दारापासून येऊर रिक्षाच्या अंतरावर आहे.

या संदर्भात मेरी कोल्टर (१८६९–१९५८) या अमेरिकी वास्तुविशारद बाईंचे काम आठवते. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर फ्रेड हार्वी या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी ज्या इमारती योजल्या, त्यांपैकी पहिली, १९०५ सालचे ‘होपी हाऊस’, होपी या तेथील आदिवासी लोकांच्या जुन्या घरांच्या धर्तीवर आणि प्रामुख्याने होपी कारागिरांच्याच हातून उभी राहिली. ते पर्यटकांसाठीचे दुकान होते आणि कंपनीचा डोळा नफ्यावर होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरी बांधणाऱ्यांना बाजूला सारून त्यांची शैली तेवढी उचलावी, असे तेथे घडले नाही. १९३२ साली पूर्ण झालेल्या सत्तर फुटी ‘वॉचटॉवर’चा सांगाडा आतून पोलादी असला, तरी बाहेरून तो प्राचीन दगडी मनोऱ्यासारखा दिसतो, आणि त्यातील होपी दालनाची भित्तिचित्रे फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराने काढली आहेत. दगडाबाबतही बाईंचा कटाक्ष असाच होता. १९३५ सालच्या ‘ब्राइट एंजल लॉज’मधील शेकोटी त्यांनी दरीतल्या खडकांच्या थरांच्या क्रमानेच, तळापासून कड्यापर्यंत, रचून घेतली. (नवी इमारत जुनी दिसावी म्हणून ‘हर्मिट्स रेस्ट’मधील चुलाण्यावर त्यांनी मुद्दाम काजळी धरवली होती, असे सांगतात, हा हट्ट मात्र मला थोडा नाटकी वाटतो.) त्यांच्या चार इमारतींना १९८७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळाला.

काबोटींचे नाव आज नव्वद वर्षांनीही त्या भिंतींशी जोडलेले आहे. आपल्याकडे भिंतींवर नाव असते ते प्रायोजकाचे किंवा नगरसेवकाचे. सार्वजनिक भिंती रंगवण्याच्या निविदेत चित्रकार वारली समाजातील असावा, त्याला ठरलेले मानधन थेट मिळावे आणि चित्राखाली त्याचे व त्याच्या पाड्याचे नाव लिहावे, अशी अट पालिकेने घालावी. सोसायट्यांना तर त्यासाठी निविदेचीही गरज नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)