‘जॉर्ज इन’चं माहितीपत्रक तपासून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

लंडनमधल्या साउथवर्कच्या ‘जॉर्ज इन’ या जुन्या सरायेवरचं आमचं मराठी माहितीपत्रक छापून आलं. त्याचा कच्चा मसुदा तुम्ही ओळ न् ओळ तपासलात, त्याबद्दल मनापासून आभार.

पहिली दुरुस्तीच मोठी होती. आम्ही इमारत सोळाव्या शतकातली म्हटली होती. सराय तेव्हा होतीच. इतिहासकार जॉन स्टो यांच्या १५९८ च्या लंडन-वर्णनात तिचं नाव आहे. पण १६७६ च्या आगीत ती जळाली आणि आज दिसतं ते १६७७ नंतरचं बांधकाम. जागेचं वय निराळं, लाकडाचं निराळं, हे आता पहिल्याच परिच्छेदात आहे.

आम्ही तिला वाड्याची उपमा दिली होती, तीही तुम्ही खोडलीत. वाड्याचा चौक घरच्यांचा. हे अंगण घोडागाड्यांचं. बोरो हाय स्ट्रीटवरून आत शिरलं की सराय उजव्या हाताला. वरच्या दोन गॅलऱ्या शोभेसाठी नव्हत्या, खोल्यांकडे जायची वाट तीच. दुसऱ्याच्या खोलीतून जावं लागत नसे, म्हणून पहाटेच्या गाडीचा उतारू कुणाची झोप न मोडता बाहेर पडे. खाली उतारूंची थांबायची खोली आणि शेजारी कॉफीची खोली होती.

गॅलऱ्यांचं तोंड उत्तरेला, त्यामुळे ऊन कमी. लाकूड कुजतं ते कठड्याच्या दांड्या खालच्या पट्टीत बसतात तिथे, कारण पाणी त्या खाचेत साचतं. वरून जाड रंग चढवला की ओल आतच कोंडते. वारसाफेरीत लोकांना आधी तो सांधा दाखवा, हे तुमचं सांगणं आम्ही पाळतो.

सरायेतलं मोठं घड्याळ करामुळे आलं असं आम्ही लिहिलं होतं, ती चूकही सुधारली. १७९७ मध्ये घड्याळांवर कर बसला आणि पुढच्याच वर्षी उठला. पण सरायांतली मोठ्या तबकडीची घड्याळं त्याआधीपासून होती. वेळेवर सुटणाऱ्या गाड्यांना ती लागतच.

१८३६ मध्ये जवळच लंडन ब्रिज स्टेशन उघडलं आणि पुढे रेल्वेने घोडागाड्यांचा धंदा बसवला. १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने सरायेच्या दोन बाजू पाडून गोदामाला जागा केली. उरलेली दक्षिण बाजू १९३७ मध्ये वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली, तीही एका रेल्वे कंपनीनेच. हे दोन्ही सलग लिहायचा तुमचा आग्रह फार योग्य होता.

पाडलेल्या बाजू नकाशात तुटक रेषेने दाखवल्या आहेत. पाच प्रती पोस्टाने पाठवल्यात. पान चारवरचं मोजमाप तेवढं नजरेखालून घाला.

आपले,
मराठी वारसाफेरीचे स्वयंसेवक, लंडन