लीड्सला निघालेल्या मित्रास, 'गेट'विषयी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या नोकरीचं पक्कं झालं हे वाचून फार आनंद झाला. 'गेट' या क्रियापदाबद्दल (फाटकातलं नव्हे, 'मिळणे'वालं) तू विचारलंस. शब्दकोश उघडावा तर अर्थांची रांग संपत नाही, आणि तिथली माणसं बोलतात त्यातलं निम्मं त्या रांगेत सापडत नाही. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोशाचं. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ कालक्रमाने देतो, सर्वांत जुना आधी. पहिला अर्थ तोच आजचा मुख्य, असं धरून चाललास तर फसशील. तुला हवा शिकणाऱ्यांसाठीचा कोश. लाँगमनचा असा कोश १९७८ साली आला. त्यातल्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवल्या आहेत. १९८७ सालचा कॉलिन्सचा कोबिल्ड हा कोश तर व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो. 'गेट'साठी हे फार सोयीचं, कारण शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते तिथेच दिसतं. अर्थाजवळ दिलेली खूणही वाचत जा. 'इन्फॉर्मल' असेल तर सहकाऱ्यांशी बोलताना चालेल, अर्जात नको. 'स्लँग' असेल तर ऐकून ओळखावं, वापरायची घाई करू नये.

या क्रियापदाचं सगळं पुढच्या शब्दावर आहे. पुढे नाम आलं तर मिळणं, आणणं किंवा विकत घेणं. विशेषण आलं तर होणं: 'गेट टायर्ड', 'गेट डार्क'. जागा आली तर पोचणं. इथे आपली माणसं दोन ठिकाणी हमखास अडतात. 'मुलगा डॉक्टर झाला' यातलं 'झाला' विशेषणाच्या वाटेने जात नाही. 'ही गॉट डॉक्टर' चुकीचं, तिथे 'बिकेम अ डॉक्टर' लागतं. आणि 'गेट टू द ऑफिस' बरोबर असलं तरी घरासाठी नुसतं 'गेट होम'. 'हिअर' आणि 'देअर' यांच्या आधीही 'टू' येत नाही.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा साचा नीट घोटून घे. आपण 'मी केस कापले' म्हणतो आणि न्हाव्याकडे गेलो होतो हे सगळ्यांना कळतं. 'आय कट माय हेअर' म्हटलंस तर इंग्रज समजेल की तू आरशासमोर उभा राहून स्वतःच कात्री चालवलीस. 'आय गॉट माय हेअर कट' म्हण. क्रम असा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. माणूस मध्ये आला तर साचा बदलतो: 'गेट हिम टू फिक्स इट'. हा 'टू' गाळायचा नाही. 'हॅव हिम फिक्स इट' मध्ये तो नसतो, म्हणून गोंधळ होतो.

एक वापर मात्र तुला आयता येईल. 'आय गॉट टू सी द मॅच' म्हणजे अगदी आपलं 'सामना बघायला मिळाला'. संधी मिळाली, हाच भाव. पण 'आय हॅव गॉट टू सी' म्हटलं की ते 'बघायलाच हवं' होतं. बोलण्यात त्यातला 'हॅव' जवळजवळ गिळला जातो, तेव्हा संदर्भाकडे लक्ष ठेव. ऑफिसात कुणी अमेरिकन असेल तर 'गॉटन' ऐकशील. त्यांच्याकडे 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. ब्रिटिश दोन्हीकडे 'गॉट'च वापरतात.

आता बोलीतलं. सर्वांत घातक जागा आहे 'गेट ऑफ विथ'. बसमधून उतरणं म्हणजे 'गेट ऑफ', तोवर ठीक. 'विथ'च्या पुढे शिक्षा आली, जसं 'गॉट ऑफ विथ अ वॉर्निंग', तर थोडक्यात सुटला. पण पुढे माणूस आला तर ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चुंबन-आलिंगनापासून पुढे जातो. मॅनेजरबरोबर स्टेशनवर उतरलास हे सांगताना हा साचा चुकूनही वापरू नकोस. 'वी गॉट ऑफ टुगेदर' सुद्धा नको. 'वी बोथ गॉट ऑफ अॅट द स्टेशन' म्हण.

पबमध्ये 'आय'ल गेट दीज' म्हणजे पैसे मी देतो. दाराची बेल वाजल्यावर 'आय'ल गेट इट' म्हणजे मी बघतो. 'आय'ल गेट यू' हे दरडावून म्हटलं तर धमकी, 'आय गेट यू' म्हणजे तुझं म्हणणं समजलं. गोल झाल्यावर लोक 'गेट इन!' ओरडतात, तो निव्वळ जल्लोष. 'गेट आउट!' आश्चर्याने म्हटलं असेल तर 'काय सांगतोस!', तेव्हा उठून जाऊ नकोस. 'गेट द सॅक' म्हणजे नोकरीवरून काढलं जाणं, 'गेट द हंप' म्हणजे रुसणं, चिडणं. 'गेट स्टफ्ड' मात्र सरळ अपमान.

उत्तर इंग्लंडमध्ये 'गेट' हे नाम म्हणून शिवीसारखंही ऐकू येईल. इतरत्र त्याचंच 'गिट' झालं. मुळात अर्थ अपत्य, तेही अनौरस; आज नालायक, कटकट्या माणूस. क्रियापद नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलं, आणि तू जातोयस तो यॉर्कशायर म्हणजे नॉर्स बोलणारे पूर्वी येऊन स्थायिक झाले तो मुलूख, म्हणून मला हे विशेष वाटतं.

औपचारिक ईमेलमध्ये 'रिसीव्ह', 'बिकम', 'अराइव्ह' वापर. पण जेवणाच्या टेबलावर तेच शब्द काढलेस तर परकेपणा जाणवेल, तिथे 'गेट'च हवं. नवीन काही कानावर पडलं की पूर्ण वाक्य लिहून पाठव, कोण कुणाला कुठे म्हणाला तेही लिही. नुसतं क्रियापद पाठवलंस तर मला अर्थ सांगता येणार नाही.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
विनायक