मन्या, आधी शाकेन विचार

हामामात्सू,
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय मन्या,

जपानची नोकरी पक्की झाल्याचं तू दोन ओळींत कळवलंस आणि त्याखाली गाडीबद्दल बारा ओळी लिहिल्यास. बरं वाटलं, माणूस बदललेला नाही. घर, भाषा, व्हिसा सगळं राहिलं बाजूला, आणि प्रश्न काय, तर "लाखभर रुपयांत सेकंडहँड गाडी येईल का रे तिकडे?"

येईल. त्याहून कमीतही येईल. मला एका सहकाऱ्याने त्याची जुनी ऑल्टो तीस हजार येनला देऊ केली होती. म्हणजे आपले सतरा-अठरा हजार. मी उडी मारून हो म्हणणार होतो. का म्हटलं नाही, ते फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतोस. म्हणून पत्र.

इथे एक शब्द पाठ कर: शाकेन. गाडीची सरकारी तपासणी. नव्या गाडीला पहिली तीन वर्षं मोकळीक, पुढे दर दोन वर्षांनी गाडी हजर करायची. तपासणीची फी किरकोळ असते, पण तिच्यासोबत दोन वर्षांचा सक्तीचा विमा भरावा लागतो, वजनावरचा कर भरावा लागतो, आणि गॅरेजवाला "हे बदलावं लागेल, तेही बदलावं लागेल" म्हणत जी यादी काढतो ती वेगळीच. जुन्या गाडीला हे सगळं मिळून सत्तर-ऐंशी हजार येन सहज लागतात. मग मालक विचार करतो, पन्नास हजारांच्या गाडीवर ऐंशी हजार कशाला घालू? आणि शाकेन संपायच्या आधी ती कुणाच्या तरी गळ्यात घालतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ती म्हण बहुतेक इथल्याच कुणीतरी गाडी विकत घेऊन केली असावी.

त्या ऑल्टोचं शाकेन तर संपूनच गेलं होतं. अशी गाडी रस्त्यावर काढणं गुन्हा. तपासणीला न्यायची तरी चालवत नेता येत नाही. आधी विमा काढा, मग नगरपालिकेत जाऊन तांबडी तिरकी रेघ मारलेली तात्पुरती नंबरप्लेट आणा, आणि ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या रस्त्याने न्या. नाहीतर टो करा. सहकारी अगदी सज्जन माणूस, त्याने काही लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. आपल्याला सवय काय, किती किलोमीटर झाली आणि ॲव्हरेज काय देते!

पुढच्या काचेवर छोटं चौकोनी स्टिकर असतं, त्यावर शाकेन संपायचा महिना आणि वर्ष. वर्ष त्यांच्या पद्धतीने, सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे लिहिलेलं. सध्या रेइवा ८ चालू आहे, म्हणजे त्यात २०१८ मिळवायचे. जुन्या कागदांवर हेइसेइ दिसलं तर १९८८ मिळव. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या लॉटवर उभं राहून मी बोटांवर हिशोब करायचो आणि सेल्समन आदराने थांबायचा.

आता कुठली गाडी. तू सेदानचं स्वप्न बघतोयस हे मला माहीत आहे. गप केइ घे. पिवळ्या नंबरप्लेटची छोटी गाडी, इंजिन ६६० सीसीच्या आत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, याच्या पुढे ती केइ राहत नाही. लक्षात आलं का? काकांची मारुती ८०० होती ७९६ सीसीची. म्हणजे इथली माझी गाडी इंजिनाने काकांच्या गाडीपेक्षाही लहान आहे, आणि तरी चार माणसं आरामात बसतात, सामानही मावतं. कर कमी, विमा कमी, आणि परक्या माणसाला सगळ्यात मोठा फायदा कागदांचा. मोठ्या गाडीला सहीच्या जागी वापरायचा नोंदवलेला शिक्का आणि त्याचा दाखला लागतो, शिवाय पार्किंगची जागा असल्याचं प्रमाणपत्र पोलिसांकडून आधी आणावं लागतं. जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी. केइला रहिवासाचा दाखला, म्हणजे जूमिनह्यो, पुरतो. पार्किंगची नोंद बऱ्याच शहरांत तिलाही करावी लागते, पण गाडी घेतल्यावर.

मी घेतली वॅगन-आर. हस, हस. अर्ध्या जगाला वळसा घालून येऊन मी शेवटी वॅगन-आरच घेतली. पण ही गाडी १९९३ पासून या लोकांची आहे, आपल्याकडे आली १९९९ ला. आणि हामामात्सू म्हणजे सुझुकीचं गाव, मुख्य कचेरी इथेच. त्यामुळे इथे कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजवाल्याला ही गाडी डोळे मिटून खोलता येते.

घेण्याआधी तीन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी एक इतकी चकचकीत गाडी मिळाली की मी आगाऊ पैसे द्यायला खिशात हात घातला होता. सोबत कंपनीतला एक म्हातारा फोरमन होता. तो काही न बोलता जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला आणि मला खुणेने बोलावलं. खाली सगळा गंज. सायलेन्सरचा पाइप हाताने सोलता येईल असा. गाडी जपान समुद्राच्या बाजूच्या हिमप्रदेशातून आली होती. तिकडे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खालून गाडी खातं. वरून कीर्तन, आतून तमाशा. तेव्हा आधीचा मालक कुठला होता हे विचार, आणि लाज न बाळगता खाली वाक. चांगली पँट घालून जाऊ नकोस.

आणखी एक फसवा शब्द: "शूफुकुरेकी नाशी", म्हणजे अपघातानंतर दुरुस्तीचा इतिहास नाही. पण हा इतिहास फक्त सांगाड्याचा मोजतात. दार बदललं, बंपर बदलला, पुढचा फेंडर नवीन रंगवला, तरी गाडी कोरीच.

माझी गाडी हेइसेइ २२ ची, म्हणजे २०१० ची. ८७,००० किलोमीटर झालेली, नवीन शाकेन करून एक लाख साठ हजार येनला, २०२४ च्या एप्रिलमध्ये. एप्रिल मी मुद्दाम निवडला. केइचा वार्षिक कर १ एप्रिलला ज्याच्या नावावर गाडी असेल त्याने पूर्ण वर्षाचा भरायचा. मी १० तारखेला घेतली, वर्ष फुकट. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की दुसरी गोष्ट बघायचीच राहिली. गाडीला तेरा वर्षं उलटली की कर वाढतो. त्या काळातल्या केइला ७,२०० येन पडायचे, मला पुढच्या मे महिन्यात पावती आली १२,९०० ची. वजनाचा करही तसाच चढा. तू तेराच्या आतली बघ.

विम्याचं थोडक्यात. सक्तीचा विमा, जिबाइसेकी, केइला चोवीस महिन्यांचे १७,५४० येन. तो फक्त समोरच्या माणसाला झालेल्या इजेचं बघतो, मृत्यूला तीन कोटी येनपर्यंत. समोरच्याची गाडी, दुकानाचं शटर, तुझी स्वतःची हाडं, यातलं काहीही त्यात नाही. म्हणून ऐच्छिक विमा काढायचाच. नाव ऐच्छिक आहे, म्हणून त्यात काटकसर करू नकोस. पहिल्या वर्षी महाग पडतो, सुरुवात सहाव्या श्रेणीपासून होते आणि विना-अपघात वर्षं गेली की विसापर्यंत चढत जाते.

लायसन्स. इथे माझी खरी अब्रू गेली. इंटरनॅशनल परमिटवर पहिलं एक वर्ष चालवता येतं, मग जपानी लायसन्स लागतं. काही देशांच्या लोकांना परीक्षा माफ आहे, आपल्याला नाही. माझ्या वेळी लेखी परीक्षा दहा प्रश्नांची होती, पोरखेळ. गेल्या ऑक्टोबरपासून पन्नास प्रश्न केलेत आणि नव्वद टक्के बरोबर यावे लागतात. अभ्यास कर, हे आपलं आरटीओ नव्हे. आणि चालवण्याच्या परीक्षेला मी दोनदा नापास झालो, बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस! पहिल्यांदा डावीकडे वळताना गाडी आधी डाव्या कडेला चिकटवली नाही म्हणून. मधल्या फटीतून सायकलवाला घुसू नये, यासाठी तसं करतात. दुसऱ्यांदा आरशात पाहिलं पण मान वळवून पाहिलं नाही. परीक्षकाला मान हललेली दिसली पाहिजे. आता मी स्वयंपाकघरात वळतानाही खांद्यावरून मागे बघतो. आणि हो, रेल्वे फाटक उघडं असलं, एकही गाडी दिसत नसली तरी पूर्ण थांबायचं. दर वेळी. आपण काकांच्या गाडीतून फाटक कसे ओलांडायचो ते त्या परीक्षकाला सांगितलं असतं तर चक्कर येऊन पडला असता.

पण हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच. परवा, शुक्रवारी, मी माझ्या गाडीचं शाकेन स्वतः केलं. गॅरेज नाही, दलाल नाही. याला युझर-शाकेन म्हणतात, कुणालाही परवानगी आहे. मुदत एप्रिलमध्ये संपते, पण आता दोन महिने आधी केलं तरी दिवस बुडत नाहीत. ऑनलाइन वेळ घेतली, रजा टाकली, तपासणी केंद्रावर गेलो.

रांगेत पुढे-मागे सगळे गॅरेजवाले, कपड्यांना ग्रीसचे डाग, दिवसाची पाचवी गाडी असल्यासारखे निवांत. मध्ये मी, फाइल छातीशी धरून. मी नवखा हे कळल्यावर अधिकारी माझ्या खिडकीशी चालत चालत आला. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. मग रोलरवर ब्रेक. मग वेग: काटा ४० वर आला की सांगायचं. डोक्यावरच्या पाटीवर एकेक गोल उमटत होता. इथे गोल म्हणजे पास, शून्य नव्हे. मी बावळटासारखा हसत होतो. आणि हेडलाइटला फुली. उजवा कमी पडला.

फी एकच असते आणि त्या दिवसात तीनदा प्रयत्न करता येतो. शेजारीच एक पत्र्याची शेड आहे, तिथे पैसे घेऊन दिवे जुळवून देतात. तिथल्या बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, दिव्याच्या प्लॅस्टिकवर बोट ओढलं आणि पिवळं झालेलं बोट मला दाखवलं. मग फडकं आणि पॉलिश माझ्याच हातात दिलं. स्वतः कोन जुळवायला बसल्या आणि मला पंधरा मिनिटं घासायला लावलं, थंडीत, आमच्या या भागाच्या, एन्शूच्या, त्या कोरड्या वाऱ्यात. (हा वारा तुला कळेल. पहिल्या हिवाळ्यात सायकलवरून ऑफिसला जाताना मी जागच्या जागी पेडल मारायचो. गाडी घेतली ती त्याच्यामुळेच.) दुसऱ्या खेपेला गोल उमटला. मागचा गॅरेजवाला काचेतून अंगठा दाखवत होता.

विमा, कर, फी, दिव्याचे पैसे मिळून तीस हजार येनच्या आत बसलं. ब्रेकचं काम मी आधीच त्या फोरमनकडून करून घेतलं होतं, त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत, दोन रविवार जेवायला मात्र आला.

तर तू आलास की पहिले दोन महिने माझ्या गाडीवर हात बसव. विम्यात तुझं नाव घालता येतंय का ते बघतो. मग आपण एकत्र शोधू, खाली वाकायला मी येतो.

येताना एकच काम विसरू नकोस. लायसन्स मिळाल्यावर तू भारतात किमान तीन महिने राहिला होतास, हे इथे सिद्ध करावं लागतं, आणि त्याला पासपोर्टवरचे शिक्के बघतात. म्हणून रद्द झालेला जुना पासपोर्टही आण. आणि लायसन्सच्या नव्या कार्डावर पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख छापली आहे का बघ. नसेल तर निघायच्या आधी आरटीओतून उतारा घे, इथून ते मागवणं म्हणजे मला चार महिने आणि आईला सहा खेपा पडल्या होत्या.

तुझा,
अव्या

ता. क. जुना पासपोर्ट काकूंच्या लोखंडी ट्रंकेत असेल, तुझ्या कपाटात शोधत बसू नकोस.