चि. ओंकारला, झिंक फिंगरबद्दल

नाशिक

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "झिंक फिंगर म्हणजे जस्त डीएनएला पकडतं." पेपरात असं लिहू नकोस. झिंक फिंगर हा प्रथिनाचा डीएनएला पकडणारा, बोटासारखा छोटा भाग. जस्ताचा अणू त्याच्या आत असतो. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीचे मणी) त्याला धरून बसतात, म्हणून तीसेक अमिनो आम्लांची साखळी नीट घडीत राहते. डीएनएच्या खाचेत शिरून त्याची ए, टी, जी, सी ही अक्षरं ओळखतं ते त्या घडीतलं हेलिक्स, म्हणजे पिळाचा भाग. एका बोटाला जेमतेम तीन अक्षरं कळतात, मग प्रथिनं बोटं ओळीनं लावतात. केंब्रिजला आरोन क्लुग यांच्या गटानं १९८५ मध्ये ही रचना सुचवली, तीही बेडकाच्या अंडपेशीतल्या प्रथिनावरून. त्यात नऊ बोटं होती. (क्लुगना नोबेल १९८२ चं, वेगळ्या कामाचं. एवढं पाठ कर.)

जीन चालू की बंद हे बोटं ठरवत नाहीत. ती जागा शोधतात, पुढचं बघतो प्रथिनाचा दुसरा भाग. तुमच्या नोट्समध्ये हेच गाळलंय.

आता आमच्या लॅबचं. नंदुरबारकडच्या सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) रुग्णांचे नमुने येतात. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिसनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघतो. ज्यांचं एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, जास्त राहतं त्यांना एरवी त्रास कमी होतो. जन्मानंतर ते बंद पाडणाऱ्यांत मुख्य बीसीएल-११-ए, आणि ते झिंक फिंगर प्रथिनच! एचबीएफ बनवायला लागणाऱ्या गॅमा ग्लोबिन जीनशेजारची टीजीएसीसीए ही सहा अक्षरं हेरून ते तिथे बसतं आणि जीन मिटवणारी प्रथिनं बोलावून घेतं.

२०२३ मध्ये आधी ब्रिटननं, मग अमेरिकेनं मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या उपचारात रुग्णाच्याच मूलपेशींवर क्रिस्पर, म्हणजे डीएनए कापायची कात्री, चालवतात. सबंध बीसीएल-११-ए जीन मात्र तोडत नाहीत, कारण बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनाही ते प्रथिन लागतं. लाल पेशींत त्याला चेतवणारा एन्हान्सर हा डीएनएचा तुकडा तेवढा तोडतात. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच. व्हायव्हात सरांनी विचारलं तर हे सांग.

अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. आमच्याकडचे लोक हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीवर आहेत. तीही एचबीएफ वाढवते, पण रोज घ्यावी लागते आणि रक्त तपासत राहावं लागतं.

चिवडा पाठवलाय, रूमवर सगळ्यांना दे. बाबा विचारतात, पैसे पुरतात ना?

तुझी आई