स्टार्टअपचा अर्ज आधी मराठीत लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात 31 वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्यानंतर गेली 5 वर्षे मी पुण्यातील एका इनक्युबेटरच्या (नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेच्या) निवड समितीवर काम करतो आहे. दर फेरीला आलेले अर्ज वाचताना एक गोष्ट मला सतत खुपते. ती अ‍ॅक्सिलरेटर (ठरावीक मुदतीत नव्या कंपनीला वाढायला मदत करणारी संस्था) किंवा इनक्युबेटरकडे अर्ज करू पाहणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

बहुतेक अर्ज पूर्ण वाचूनही ही कंपनी नेमके काय करते, हे कळत नाही. गेल्या वर्षी आलेल्या एका इंग्रजी अर्जाच्या पहिल्या वाक्याचा मराठी अर्थ साधारण असा होता : ‘उत्पादन क्षेत्राच्या डिजिटल परिवर्तनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सर्वसमावेशक मंच’. समितीतील तिघांनी त्याला कमी गुण दिले होते आणि तो मुलाखतीपर्यंत आला तो अगदी काठावर. मुलाखतीत मी त्या मुलाला मराठीत विचारले, की तुम्ही गिऱ्हाइकाच्या हातात काय ठेवता? तो म्हणाला, ‘सर, भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळीला एकच ऑपरेटर दोन-तीन सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारी यंत्रे) सांभाळतो. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजलेला त्याच्या लक्षात येत नाही आणि सकाळी बघावं तर अख्खा लॉट रिजेक्ट. आम्ही स्पिंडल (फिरणारा दांडा) चालवणाऱ्या मोटरच्या वायरवर सेन्सर बसवतो. इन्सर्ट झिजला की मोटर जास्त करंट खेचते, त्यावरून मालकाच्या फोनवर अलार्म जातो.’ अडचण कोणाची, नुकसान कशाने होते आणि उपाय कसा चालतो, हे सगळे त्याने अर्ध्या मिनिटात सांगितले. अर्जाच्या सहा पानांत त्यातले काहीही नव्हते. वडिलांचे जॉबवर्कचे युनिट असून डिप्लोमा करताना आपण स्वतः तिथे रात्रपाळ्या केल्या आहेत, हेही त्याने लिहिले नव्हते. का लिहिले नाही, असे विचारल्यावर ‘ते काही सांगण्यासारखं नाही वाटलं’ असे उत्तर मिळाले. मला त्या उत्तराचे फार वाईट वाटले, कारण त्याच्या अर्जातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की अर्ज इंग्रजीतच द्यायचा असला, तरी पहिला खर्डा मराठीत लिहावा. तोही गावाकडच्या काकांना आपण काय करतो ते सांगावे, तसा एका बैठकीत. आपण ज्या भाषेत गिऱ्हाइकाशी बोलतो त्या भाषेत पोकळ शब्द फार वेळ टिकत नाहीत, कारण समोरचा लगेच ‘म्हणजे काय?’ असे विचारतो. इंग्रजीतले ‘प्लॅटफॉर्म’, ‘इकोसिस्टम’, ‘सोल्युशन’ हे शब्द मात्र आपण दुसऱ्यांच्या सादरीकरणांतून उचलतो आणि ते वापरताना तो प्रश्न आपल्यालाही पडत नाही. मराठी खर्ड्याचे इंग्रजी करताना एकही नवे विशेषण घालू नये.

परदेशी अ‍ॅक्सिलरेटरकडे अर्ज करणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे. 2005 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटरची मुलाखत जेमतेम 10 मिनिटांची असते आणि अर्जासोबत संस्थापकांची एक मिनिटाची चित्रफीत मागितली जाते, तेव्हा प्रस्तावना करायला वेळच नसतो. शिवाय तिथे माणसांकडे किती बारकाईने पाहिले जाते, हे जुन्या उदाहरणांवरून दिसते. पहिल्याच तुकडीत आलेल्या रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या दोन संस्थापकांची मूळ कल्पना मोबाइलवरून खाद्यपदार्थ मागवण्याची होती. ती नाकारली गेली, पण दुसरे काही करा असे सांगून त्यांना परत बोलावण्यात आले. प्रवाशांना लोकांच्या घरांत भाड्याने राहण्याची सोय करून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी 2008 च्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी उमेदवारांची नावे छापलेली न्याहारीच्या सिरियलची खोकी विकून खर्च भागवला होता. त्यांच्या कल्पनेविषयी शंका असूनही त्यांना घेतले गेले, त्यात या चिकाटीचा मोठा वाटा होता. भोसरीतल्या रात्रपाळ्यांना मी त्याच तोलाच्या मानतो.

आकड्यांविषयीही लिहिले पाहिजे. देशातील बाजारपेठ इतक्या हजार कोटींची आहे आणि तिचा एक टक्का मिळाला तरी पुरे, हा हिशेब प्रत्येक अर्जात असतो आणि त्यावरून आम्हाला काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘7 वर्कशॉपमध्ये सेन्सर बसवले, 3 जण पैसे देतात, एकाने दोन महिन्यांनी काढून टाकला कारण चुकीचे अलार्म येत होते’ एवढे लिहिले, तर अर्जदार गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन आला आहे, हे दिसते. काढून टाकलेल्या त्या एका सेन्सरविषयी मी मुलाखतीत सर्वांत जास्त बोलेन, तेव्हा तो लपवू नये.

सहसंस्थापकांनी कंपनीतील आपापल्या हिश्शाचे ठरवणे लांबणीवर टाकू नये आणि त्यातला कोणी अजून हिंजवडीत नोकरी करत असेल, तर त्याने आपले नियुक्तीपत्र काढून नीट वाचावे. नोकरीत असताना केलेल्या कामावर कंपनीचा हक्क सांगणारे कलम त्यात अनेकदा असते.

पैशाच्या अटी तर अर्जाआधीच समजून घ्यायला हव्यात. वाय कॉम्बिनेटरच्या सध्याच्या करारात एकूण 5,00,000 डॉलरपैकी 1,25,000 डॉलरच्या बदल्यात 7 टक्के हिस्सा ठरलेला असतो आणि उरलेले 3,75,000 डॉलर पुढील गुंतवणुकीच्या अटींवर समभागांत बदलतात. याउलट केंद्र सरकारच्या 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत उत्पादनाचा पहिला नमुना तयार करून तपासण्यासाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे समभागांत बदलता येणाऱ्या) रोख्यांच्या स्वरूपात रक्कम अशी तरतूद करण्यात आली; मात्र अर्जाच्या वेळी कंपनी स्थापन होऊन 2 वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, अशी अट होती. ज्याला आधी नमुनाच बनवायचा आहे, त्याने हिस्सा देऊन पैसे उभे करण्याआधी अनुदानाचे मार्ग पाहावेत. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातील व्हेंचर सेंटर आणि सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे भाऊ इन्स्टिट्यूट ही इनक्युबेटर आपल्या शहरातच आहेत. तिथे जाऊन प्रत्यक्ष विचारता येते. अर्ज लिहून देण्याच्या मोबदल्यात कंपनीत दोन-तीन टक्के मागणारे सल्लागार मी पाहिले आहेत. त्यांना कृपया दारातूनच परत पाठवावे. तुमचे गिऱ्हाईक तुमच्याइतके त्यांना माहीत नसते.

या सगळ्यात आम्हा निवड करणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. आपल्या अर्जाच्या नमुन्यात ‘तुम्ही काय करता ते मराठीत पाच ओळींत लिहा’ असा एक रकाना घालावा आणि समितीने तो सर्वांत आधी वाचावा, असा प्रस्ताव मी आमच्या इनक्युबेटरपुढे लेखी मांडला आहे. पुण्यातील इतर संस्थांनीही त्याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
एरंडवणे, पुणे