‘एकटीने’ हा शब्द मी मागे घेतोय

मावशी, सलाम.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनाच्या उपासनेत, पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी आईबद्दल बोललो. “वडील गेल्यावर आईने मला एकटीने वाढवलं,” असं म्हणालो. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले आणि मी मनातल्या मनात खूश झालो. तू तिसऱ्या बाकावर होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, “चांगलं बोललास रे. आवाज जरा मोठा हवा होता.”

नंतर चहाच्या वेळी कॉयरमधल्या एका जुन्या काकांनी मला गाठलं. “तुझ्या मावशीचा आवाज ऐकलायस का कधी?” मला हसू आलं. दम लागला की तू मला मांडीवर घेऊन गुणगुणायचीस, ते ऐकतच मी मोठा झालो. “तसं नव्हे,” काका म्हणाले. नाताळच्या उपासनेत एकटीने गायचा भाग तुझा असायचा म्हणे. सराव संध्याकाळी सातला, आईची नाइट ड्युटी आठला. 1984 चा नाताळ झाला आणि तू ‘घसा बसलाय’ म्हणून कॉयर सोडलास. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तो घसा आमच्यामुळे बसला होता, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

गुरुवार पेठेतली तुझी ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. आई पांढऱ्या साडीत, घाईघाईने मला आणि माझ्या डब्याला तुझ्या दारात सोडायची आणि बस पकडायला पळायची. शिवणयंत्राखाली माझं दप्तर, त्यावर मांजर. पावसाळ्यात माझी छाती भरून आली की तू मला चादरीखाली घेऊन वाफ द्यायचीस, आणि पंचहौदच्या देवळातल्या घंटा मोजायला लावायचीस, म्हणजे मी रडायचं विसरेन. तिथे आठ घंटा आहेत, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं ते असं.

आणि ते पाकीट! आई पगाराला तुला पाकीट द्यायची. तू त्यातले दहा रुपये काढून घ्यायचीस, बाकीचं माझ्या दप्तरात घालून परत पाठवायचीस. मी एकदा विचारलं, घ्यायचेच नसतील तर दहा तरी का? तू म्हणालीस, काहीच घेतलं नाही तर तुझी आई उद्या दारात उभी राहायला लाजेल. इतका हिशेब मला अजूनही जमत नाही.

तू केडगावची. तुझ्या आजीला 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलं होतं, ही गोष्ट तू इतक्या वेळा सांगितलीस की मला ती माझ्याच घरची वाटते. त्यातला एक प्रसंग मात्र मी मोठेपणी स्वतः वाचला. रमाबाईंचे आईवडील आधीच्या एका दुष्काळात उपासमारीने गेले. आईला न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून तिरडीचं टोक त्यांनी डोक्यावर घेतलं. पुढे हीच बाई केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात परक्यांच्या लेकींची आई झाली. तुझ्या आजीला तिथे जे मिळालं, त्यातलाच वाटा माझ्या चादरीखाली पोचला, असं मी धरून चालतो.

शुभ शुक्रवारी सप्तोद्गारांतला, म्हणजे येशू क्रुसावरून जी सात वाक्यं बोलला त्यांतला, तिसरा उद्गार आला की उपदेशात मरियेची माया येते, येशूची मातृभक्ती येते. येणारच. प्राण जात असताना त्याने आईला एका शिष्याच्या हाती सोपवून तिची सोय लावली. पण माझं मन हल्ली त्या शिष्याकडे जातं. योहान एवढंच लिहितो की त्या वेळेपासून त्याने तिला आपल्या घरी नेलं. त्या घरात कुणाचं अंथरूण सरकवावं लागलं, कुणाची संध्याकाळ गेली, कुणाला गाणं सोडावं लागलं, याबद्दल शुभवर्तमानात एक ओळ नाही. (पाळकसाहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, पुढच्या वर्षी तिसरा उद्गार तूच घे. नसती आफत.)

आईच्या मोठेपणात मी काडीचाही उणेपणा करत नाही. रात्रभर परक्यांची आजारपणं काढून सकाळी माझी वेणी-फणी नसली तरी भांग पाडणारी ती बाई होती. शेवटच्या दुखण्यात तिने माझा हात धरून म्हटलं होतं, “मावशीला विचारत जा.” मला वाटलं, औषधांबद्दल म्हणतेय.

मावशी, तुझे आभार मानायला मला फार उशीर झाला. तुझ्या त्या सगळ्या संध्याकाळींचे आभार. दहा-दहा रुपयांचे आभार. न गायलेल्या चाळीस नाताळांचे तर कसे मानू?

येत्या रविवारी पाळकसाहेबांनी मला पुन्हा दोन मिनिटं दिली आहेत. तो शब्द जिथे उच्चारला, तिथेच मागे घेणार आहे, आणि या वेळी आवाज मोठा ठेवीन. गुडघ्याची सबब सांगू नकोस. सव्वाआठला रिक्षा दारात येईल, रिक्षावाल्याला पैसे आधीच दिलेत. आणि काकांनी तुझ्यासाठी कॉयरच्या बाकावर, कडेची, पाय पसरता येतील अशी जागा धरून ठेवली आहे.

तुझाच,
डबेवाला मुलगा